कुंडीतली चिलटं आणि मुळांवरचं पीठ

गेल्या जुलैत आमच्याकडे टीव्हीसमोर काळे ठिपके उडायला लागले. आधी मला वाटलं, केळी. टोपलीतली पिकलेली केळी संपवली, टोपली धुतली, ओट्याखालची कचऱ्याची बादली गरम पाण्याने घासली. ठिपके तसेच. मग बाथरूमच्या जाळीवर संशय घेतला. शेवटी एका सकाळी ह्यांच्या चहात एक पडलं आणि ह्यांनी पेपरमधून डोकं वर न काढता विचारलं, "हे आपलं की बाहेरचं?"

आपलंच होतं. पीस लिलीला पाणी घालायला गेले तर मातीवरून आठ-दहा चिलटं उठली आणि फेरी मारून पुन्हा तिथेच बसली.

मी डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते. घरात लहानमोठ्या सत्तावीस कुंड्या आहेत आणि नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियनची. दिवसभर काचेवर काय काय आहे ते मोजायचं. त्यामुळे घरीसुद्धा मोजल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. पुढे लिहिलंय ते त्या पावसाळ्यात मी काय केलं तेच आहे. फसलेलंही सांगते.

आधी ओळख पटवा

घरात उडणारं प्रत्येक चिलट कुंडीतलं नसतं. फळांवरचं असतं ते तपकिरी, बुटकं, लाल डोळ्यांचं. बाथरूमच्या भिंतीवर बसतं ते केसाळ, पंख पसरले की पत्त्यातल्या बदामासारखं दिसणारं. कुंडीतलं काळपट आणि सडपातळ, दोन-तीन मिलिमीटरचं, लांब पायांचं, डासाचं पोर म्हणावं असं. उडायला ते फार आळशी. हात फिरवला की मातीवरूनच पळत सुटतं. चावत नाही.

खात्री करायची तर कच्च्या बटाट्याची बोटभर जाड चकती कापा आणि ओलसर मातीवर दाबून ठेवा. दोन दिवसांनी उचला. माझ्याकडे दहापट मोठं दाखवणारं एक जुनं भिंग आहे, ते घेऊन मी खिडकीपाशी बसले. चकतीच्या खालच्या अंगाला अळ्या चिकटलेल्या होत्या. काचेसारख्या आरपार, चार-पाच मिलिमीटर लांब, आणि डोकं मात्र काळं कुळकुळीत, टाचणीच्या माथ्यासारखं चकचकीत. अंगातून आतडं दिसत होतं, त्यात खाल्लेल्या मातीची काळी रेघ पुढे-मागे सरकत होती. बटाट्याला त्यांनी नखाने ओरखडल्यासारख्या चऱ्या पाडल्या होत्या. एका चकतीखाली अकरा मोजल्या. चकती पिशवीत बांधून फेकून दिली आणि दुसरी ठेवली. म्हणजे ओळखही पटते आणि थोड्या अळ्या फुकटात कमीही होतात.

पाणी घातल्यावर मातीवर पांढरे बारीक कण टुणटुण उड्या मारताना दिसले, तर ते हे नव्हेत. इंग्रजीत त्यांना स्प्रिंगटेल म्हणतात. पोटाखाली दुमडलेली शेपटी असते, ती स्प्रिंगसारखी सुटते आणि प्राणी उडतो. ते कुजलेला पाला आणि बुरशी खातात, झाडाच्या वाटेला जात नाहीत. त्यांच्यामागे औषध घेऊन लागू नका. ते फार झाले तर माती फार ओली आहे एवढंच समजा. गांडुळांबद्दल तर बोलायलाच नको. तरी आमच्या शेजारणीने गांडूळ बघून अख्खी कुंडी खाली टाकून दिली होती.

चिलटाच्या अळीचं मुख्य खाणं म्हणजे मातीतली बुरशी आणि कुजकं. ते असलं तरी ती कोवळी मुळंही कुरतडते. मोठ्या मनी प्लांटला फरक पडत नाही. बियांतून नुकतीच वर आलेली रोपं, पाण्यातून मातीत लावलेल्या फांद्या मात्र आडव्या होतात. माझी खिडकीतली कोथिंबीर त्याच आठवड्यात गेली होती आणि मी दोष बियाण्याला दिला होता.

आणि एक हिशोब आधीच डोक्यात ठेवा. मादी शंभरावर अंडी घालते. अंड्यापासून उडणाऱ्या चिलटापर्यंत साधारण तीन ते चार आठवडे लागतात, आणि उडणारं चिलट आठवडाभर जगतं. म्हणजे तुम्हाला हवेत दिसतंय ते या कारभाराचं शेवटचं टोक आहे. हवेत स्प्रे मारून दोन दिवस बरं वाटेल, तिसऱ्या दिवशी पुढची तुकडी हजर. काहीही करा, दीड महिना करावं लागतं.

पाणी, आणि आमच्या आई

आई म्हणजे माझ्या सासूबाई. सकाळी मी सात चौदाची गाडी पकडते, त्यामुळे कुंड्या त्यांच्या ताब्यात. त्यांना विचारलं, "आई, लिलीला काय काय घालता?"

"काय घालणार? उरलेलं. चहाचा चोथा, तांदळाचं धुवण. दुधाची पिशवी विसळलेलं पाणी. घरचंच की सगळं."

"रोज?"

"अगं, रोज जेवतो ना आपण?"

यात त्यांचं काही चुकीचं नव्हतं. त्या वाढल्या संगमेश्वरकडे, तिथे परसात जास्वंदीच्या बुडाशी हे सगळं जातंच आणि जास्वंद मजेत असते. पण तिथे ऊन आहे, वारा आहे, खाली जमीन आहे. आमच्या हॉलच्या कोपऱ्यात, जुलैत, ट्यूबलाइटखाली आठ इंची प्लास्टिकच्या कुंडीत तो चोथा वाळतच नाही. त्यावर बुरशी धरते, आणि बुरशी म्हणजे अळ्यांचं पंचपक्वान्न. चोथा आता गच्चीवरच्या खताच्या ड्रममध्ये जातो. धुवण खाली सोसायटीच्या जास्वंदीला. एवढ्या तहावर आमच्या वाटाघाटी संपल्या.

चिलटं घालवायचा पहिला उपाय हाच: खाणं बंद, आणि पाणी कमी. अळ्या वरच्या दोन इंचांत राहतात. तो थर कोरडा पडला की अंडी आणि लहान अळ्या तग धरत नाहीत. पाणी हवं की नको हे बघायला आमच्याकडे जळून गेलेल्या उदबत्तीची काडी आहे. ती मातीत चार बोटं खोल खुपसायची, मिनिटभर ठेवायची, काढायची. माती चिकटून आली, काडी ओली दिसली, तर पाणी नाही. कोरडी आली तर द्या. स्नेक प्लांट आणि झीझी पावसाळ्यात तीन-तीन आठवडे पाण्याशिवाय बसतात, त्यांची काळजी नको. पीस लिली मान टाकून स्वतःच सांगते, आणि पाणी दिल्यावर तासा-दोन तासांत उभी राहते. फर्नला मात्र हा उपाय चालत नाही, ते वाळलं की वाळलं.

चिलटं असेपर्यंत पाणी खालून द्या. परातीत दोन-तीन इंच पाणी घ्यायचं, कुंडी त्यात अर्धा तास ठेवायची, मग मोरीत निथळू द्यायची. मुळांना पाणी मिळतं आणि वरचा थर कोरडा राहतो. नंतर कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. ते तसं एरवीही नकोच; डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. पावसाळ्यात लॅबमध्ये डेंग्यूच्या तपासण्यांची रांग लागते तेव्हा मला घरच्या ताटल्या आठवतात.

पिवळा कागद

उडणाऱ्या चिलटांसाठी पिवळा चिकट सापळा. कृषी सेवा केंद्रात मिळतो, शेतकरी मावा-पांढऱ्या माशीसाठी वापरतात तोच. घरी करायचा तर पिवळ्या पुठ्ठ्यावर एरंडेल तेल चोपडा. कापून तळहाताएवढा करा आणि मातीच्या अगदी जवळ ठेवा, कारण चिलटं उंच उडत नाहीत. पंख्याला टांगलेला कागद शोभेचा.

मी दर रविवारी कागद बदलून त्यावरची मोजत असे. पहिल्या आठवड्यात ६३. दुसऱ्या आठवड्यात ४०. तिसऱ्यात ४४, आणि तिथे माझा धीर सुटला होता. नंतर लक्षात आलं, आधीच कोषात गेलेली होती ती आता बाहेर पडली. चौथ्यात १२, पाचव्यात ५, सहाव्यात १. तिसऱ्या आठवड्यात उपाय सोडून देणारे बरेच असतील.

एक इशारा. कागद उघडा भिंतीशी ठेवू नका. आमच्याकडे एक पालीचं पिल्लू चिकटलं. ओढलं असतं तर कातडी गेली असती. कापसाच्या बोळ्याने खोबरेल तेल थेंब-थेंब पायांशी सोडलं, दहा मिनिटांत सुटलं आणि कपाटामागे पळालं. तेव्हापासून कागदाभोवती तारेच्या जाळीचा तुकडा वाकवून ठेवते. पाल तर उलट चिलटं खाते, तिला कशाला अडकवायचं?

मातीत काय ओतायचं

कोरडं करून आठवड्या-दोन आठवड्यांत फरक दिसला नाही तर वरची इंच-दीड इंच माती खरवडून काढा आणि तिथे भरड वाळू घाला. बांधकामाची चालते, धुऊन घ्या. वाळू पटकन कोरडी होते. काम होतं, पण खालून पाणी देत असाल तरच. वरून ओतलंत तर वाळू खाली जाते, माती वर येते.

त्यापुढचा उपाय बीटीआयचा. पूर्ण नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस. हा जिवाणू १९७६ साली इस्रायलच्या नेगेव वाळवंटात सापडला आणि जगभर डासांच्या अळ्या मारायला वापरला जातो. आपल्याकडेही डासांचं औषध म्हणूनच मिळतो. डास आणि चिलट लांबचे नातेवाईक, म्हणून दोघांच्या अळ्यांना लागू पडतो. अळीने तो खाल्ला की तिच्या पोटात त्याचं विष मोकळं होतं. अंडी, कोष आणि उडणारी यांना काही होत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा असं निदान चार वेळा घालायचं. प्रमाण पाकिटावर असेल तेवढंच. दुकानात नाव नीट वाचा. बीटीचंच कुर्स्ताकी नावाचं भावंड असतं, ते पानं खाणाऱ्या सुरवंटांसाठी आहे. मला एकदा तेच दिलं होतं आणि मी पंधरा दिवस निष्ठेने घालत होते.

हायड्रोजन पेरॉक्साइडचा उपाय सगळीकडे फिरतो. एक भाग पेरॉक्साइड, चार भाग पाणी. इथे माझ्यातली लॅबवाली जागी होते. ती कृती ३ टक्के पेरॉक्साइडची आहे. आपल्याकडे केमिस्टकडे बऱ्याचदा '२० व्हॉल्यूम' लिहिलेली बाटली मिळते, ती साधारण ६ टक्क्यांची असते. तीच कृती केलीत तर दुप्पट कडक द्रावण जाईल. बाटली वाचा, ६ टक्के असेल तर एकास नऊ पाणी घ्या. मातीत ओतल्यावर फसफसतं, अंगावर पडलं त्या अळ्या मरतात, अर्ध्या तासात त्याचं पाणी आणि प्राणवायू होऊन जातो. मागे काही राहत नाही, म्हणजे परिणामही राहत नाही. शिवाय मातीतले चांगले जीवही त्यात जातात. मी फार झालेल्या दोन कुंड्यांत एकदाच वापरलं.

कडुनिंबाचं तेल लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली, भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब घालून नीट घुसळा आणि मातीवर ओता. दहा दिवसांनी पुन्हा. घरात तीन दिवस वास राहतो, पाहुणे यायचे असतील तर पुढे ढकला. निंबोळी पेंड गच्चीतल्या कुंड्यांना उत्तम, पण बंद खोलीतल्या ओल्या मातीत तिच्यावर बुरशीच आली. दालचिनीची पूडही भुरभुरली होती. घरभर शिऱ्याचा वास आला, चिलटांच्या आकड्यात फरक पडला नाही.

माझी भाची नेदरलँड्समध्ये असते. तिकडे फ्रिजमध्ये ठेवायची पाकिटं मिळतात, त्यात स्टायनरनेमा फेल्टी नावाचे सूत्रकृमी असतात. पाण्यात कालवून मातीत घातले की ते अळ्यांच्या अंगात शिरतात. तिचं काम महिन्यात झालं. पण हे थंड हवेचे गडी आहेत, तिशीवर तापमान गेलं की मंदावतात, तेव्हा डोंबिवलीत मी त्यांच्या वाटेला गेले नाही.

मुळांवरचं पीठ

चिलटं निदान दिसतात तरी. खरी चोरटी कीड दुसरीच. ऑगस्टमध्ये माझं जेडचं झाड रुसल्यासारखं झालं. पानं बारीक, सुरकुतलेली, पाणी देऊनही भरत नव्हती, आणि कुंडीच्या काठावर मुंग्यांची ये-जा. वर कुठेच काही नाही. शेवटी कुंडी आडवी करून झाड ओढून काढलं. कुंडीच्या आतल्या भिंतीवर आणि मुळांच्या जाळीत पांढरे ठिपके, तांदळाचं पीठ सांडावं तसे.

ते पिठ्या ढेकूण. पानांवर, देठांच्या बेचक्यात आपण बघतो त्यांच्याच जातवाल्यांतले, पण हे मुळांवर राहून रस शोषतात. आधी मला ते पर्लाईटचे, म्हणजे कुंडीच्या मातीत मिसळतात त्या हलक्या पांढऱ्या खड्यांचे कण वाटले, मग बुरशी वाटली. ओळखायची सोपी रीत म्हणजे एक कण बोटांत चिरडा. पर्लाईट कुरकुरतं. बुरशीचे धागे नुसते पुसले जातात. हा चिरडला की मेणकट ओलं लागतं. भिंगाखाली तर पाय हलताना दिसले, आणि बाजूला कापसाच्या गुंडाळीत अंडी. मुंग्या त्यांचा गोड चिकटा गोळा करतात, म्हणून त्या तिथे होत्या. घरातल्या कुंडीत मुंग्यांची रांग लागली की मी आता मुंग्यांची पावडर शोधत नाही, मुळं बघते.

यात कोरडं ठेवून काही होत नाही, उलट कोरड्या मातीत हे सुखात असतात. मी केलं ते असं. जमिनीवर पेपर अंथरून झाड झटकलं, माती पिशवीत बांधून कचऱ्यात दिली. ती दुसऱ्या कुंडीत किंवा खताच्या ड्रममध्ये अजिबात टाकायची नाही. मुळं नळाखाली धरून जुन्या दातांच्या ब्रशने हलकेच धुतली, कुजलेली कापली. मग बादलीत वरचंच निंबतेल-लिक्विडचं पाणी करून मुळं पंधरा मिनिटं बुडवून ठेवली. जेडसारखं गरदार झाड असेल तर धुतल्यावर दोन दिवस सावलीत पेपरवर तसंच पडू द्या, जखमा सुकतात. तेवढ्यात कुंडी साबणाने घासून, मातीची असेल तर उकळतं पाणी ओतून घ्या. नव्या मातीत लावून बाकीच्यांपासून लांब ठेवा.

ताटली वेगळी हवी. मोठ्या ट्रेमध्ये सहा कुंड्या ठेवायची माझी सवय होती. या किडीची पिल्लं तळाच्या भोकातून निघून ट्रेमधून शेजारी जातात. जेडशेजारच्या होया नावाच्या वेलाच्या कुंडीतही ती निघाली. महिन्याने पुन्हा उपसून बघितलं, होयात तीन सापडले, पुन्हा सगळं पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला काही नव्हतं.

नर्सरीत यावर मला एक बिननावाची पुडी पुढे केली होती, "दाणेदार आहे, चमचाभर टाका." कुठलं म्हणून विचारलं तर उत्तर नाही. पूर्वी कुंड्यांत सर्रास टाकायचे त्या फोरेटवर देशात २०२० अखेरपासून बंदी आहे. जिथे मांजर माती उकरतं आणि आई तुळशीची पानं खुडून चहात घालतात, त्या घरात बिननावाचे दाणे नकोत.

शेणखतातून येणारी हुमणी, ती इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली जाड पांढरी अळी, हिचं काम सोपं आहे. खत वापरण्याआधी पेपरवर पसरा, ती लपत नाही, हाताने वेचा. वाणी म्हणजे लाल-काळे पैसे निघाले तर उचलून बाहेर सोडा.

माती आणि नवी झाडं

हे सगळं घरात येतं ते मातीतून आणि नव्या झाडातून. उन्हाळ्यात मी माती ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत पातळ पसरते, तोंड बांधून गच्चीवर एप्रिल-मे दोन्ही महिने तापवते. आमच्या गच्चीवर दुपारी पाय ठेववत नाही, माती तर भाजूनच निघते. पावसाळ्यात ते शक्य नसतं, तेव्हा कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या विटेवर साध्या पाण्याऐवजी उकळतं पाणी ओतून झाकून ठेवते आणि पूर्ण गार झाल्यावर वापरते. उघडं पोतं वापरून उरलं तर घट्ट बांधा. अर्ध्या उघड्या ओल्या पोत्यात चिलटं संसार थाटतात.

नवं झाड आलं की तीन आठवडे बेडरूमच्या खिडकीत एकटं. पिवळा कागद आणि बटाट्याची चकती सोबतीला. पहिल्या दिवशी कुंडी उलटी करून भोकांतून मुळं बघायची. आमचे हे त्याला अजून क्वारंटाइनच म्हणतात.

आणि काही झाडं सोडून द्यावीत. माझं बोस्टन फर्न दीड महिन्यानंतरही बटाट्याखाली सात-आठ अळ्या देत होतं, आणि त्याला कोरडं ठेवता येत नव्हतं. कुंडीसकट दोन पिशव्यांत घट्ट बांधून कचऱ्याच्या गाडीत दिलं. आई म्हणाल्या, खाली बागेत लावलं असतं. मी त्यांना चकती दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, भिंग घेतलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "डोकं काळं आहे गं मेल्याचं."